दाजीचे दोनशे ग्रॅम

तमाम वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरात मांजर आहे आणि जे अजूनही स्वतःला त्या घराचे मालक समजतात अशांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक जाहीर करण्यात येते की, प्रस्तुत लेखिका ही मांजराचं खाद्य पगारावर चाखणारी नाशिक शहरातली पहिली आणि बहुधा शेवटची बाई आहे. सदर खाद्य तिने सकाळच्या चहाआधी, उपाशीपोटी, सलग अकरा दिवस चाखलं. चव दमट पुठ्ठ्याला सुकटीचा हात लावल्यासारखी होती. सदर लेखिका सुखरूप आहे.

हसायचं ते इथेच हसून घ्या, कारण पुढे मी चिडणार आहे. हे खाद्य एका वाक्यानं बुडालं. ते वाक्य म्हणायला पात्र माणूस अख्ख्या नाशकात एकच होतं, ते म्हणजे मी. आणि ते वाक्य माझ्या तोंडून आलं नाही. या गोष्टीला काही वर्षं झाली, नोकरी सोडूनही दोन दिवाळ्या झाल्या, पण कांदा चिरताना मधेच आठवतं आणि मी सुरी आपटते. घरातले आता विचारतही नाहीत.

तर माझी नोकरी. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कोंबड्यांचं खाद्य बनवणारा एक कारखाना होता, त्याच्या प्रयोगशाळेत मी नव्वदच्या सुमारास रसायनशास्त्राची पदवी घेऊन शिरले. प्रयोगशाळा म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक तराजू, एक भट्टी, काचेची भांडी आणि मी. कोंबडीच्या खाद्यात मका, सोयाबीनची पेंड, तांदळाचा कोंडा, सुकी मासळी आणि शिंपल्याचा चुरा असतो. आलेल्या प्रत्येक पोत्यात हात घालायचा, मूठ नाकाशी न्यायची, मग मोजमाप करायचं. मासळीत वाळू किती, पेंडीत भुसा किती, मक्यात ओल किती. दोन ग्रॅम नमुना भट्टीत जाळायचा आणि खाली उरते ती राख तोलायची. राख म्हणजे खाद्यातले क्षार, चुना, माती, जे काही जळत नाही ते सगळं. विकणारा कितीही गोड बोलू दे, राख खोटं बोलत नाही, असं मी नव्या लोकांना फार ऐटीत सांगायची.

या नोकरीचा एक फायदा असा की सुकी मासळी अंगाला चिकटते. संध्याकाळी सिटी बसमध्ये मी बसले की शेजारची बाई पुढच्या स्टॉपला उठायची. अठरा वर्षं मी दोन जणांच्या सीटवर एकटीनं, खिडकीशी, महाराणीसारखी प्रवास केला.

आणि चाखायची सवय मला निफाडच्या एका पोल्ट्रीवाल्यानं लावली. हा गृहस्थ तक्रार घेऊन आला, खाद्याची चिमूट माझ्यासमोर तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाला, "मॅडम, मीठ जास्त पडलंय. माझ्या कोंबड्या पाण्यावर पाणी पिऊ राहिल्या." मी मनात हसले. मग मोजलं. मीठ खरोखर जास्त होतं. त्या दिवसापासून जे कोंबडी खाते ते मी आधी खाते, असा नियम केला. जिभेवर माझा फार विश्वास. त्या जिभेनं पुढे काय दिवे लावले ते येईलच.

आमचे मालक नाना. मूळचे निफाडकडचे शेतकरी, पाचशे कोंबड्यांपासून कारखान्यापर्यंत आलेले, मनानं उमदे आणि डोक्यानं घाईचे. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. गंगापूर रोडला, कॉलेज रोडला नवे बंगले उठत होते, आणि त्या बंगल्यांतली मांजरं परदेशी पाकिटातलं खाद्य खाऊ लागली होती. नानांनी एका व्याह्याकडे ते पाकीट पाहिलं, किंमत वाचली, आणि दुसऱ्या दिवशी ते पाकीटच माझ्या टेबलावर आलं.

"मॅडम, यात काय आहे असं? मका, पेंड, मासळी. आपल्याकडं काय वेगळं आहे?"

"नाना, मांजर मांस खाणारं जनावर आहे. कोंबडी दाणे खाते."

"आपल्याकडची मांजरं भाकरी खातात, मॅडम. माझ्या आईची मांजर वरणभात खायची, चौदा वर्षं जगली. आपण पाव किमतीत देऊ. गरिबाच्या मांजरानं पाकिटातलं खायचं नाही का?"

आता या शेवटच्या वाक्याला काय उत्तर द्यायचं? गरिबाच्या मांजराच्या विरोधात कोण बोलणार? मी सूत्र बनवायला बसले. पाव किमतीत बसवायचं म्हणजे मासळी कमी आणि हाडांची भुकटी जास्त; मांसाच्या जागी पेंड आणि मक्याचा चोथा; आणि मांजराला फसवायला वरून माशाच्या तेलाचा फवारा. हे सगळं शेवेच्या सोऱ्यासारख्या एका मोठ्या यंत्रातून दाबून काढायचं, की कुरकुरीत गोळ्या तयार. नाव ठरलं 'मनीमौज'. पाकिटावर कुठल्याशा कॅलेंडरातून घेतलेली पांढरी, गुबगुबीत, निळ्या डोळ्यांची मांजर. तिनं आमचं खाद्य हुंगलं तरी असतं का, याची मला शंका आहे.

भट्टीत राख काढली. भरपूर निघाली. मी आकडा पाहिला, आणि अंड्यावरच्या कोंबडीला टणक कवचासाठी चुना लागतोच, त्या सवयीनं पुढे बरोबरची खूण केली. ही खूण लक्षात ठेवा. मला ती विसरता येत नाही.

पहिली चाचणी कारखान्यातच झाली. नानांनी सहा मांजरं आणवली आणि ती कोंबड्यांच्या रिकाम्या पिंजऱ्यांत ठेवली. कोंबड्यांच्या बाबतीत हेच करतात. ओळीनं पिंजरे, पुढे खाद्याची पन्हळ, दर सात दिवसांनी वजन. मांजरांनी दोन दिवस पन्हळीकडे पाठ करून उपोषण केलं. तिसऱ्या दिवशी दोघी निसटल्या आणि गोदामात गेल्या. तिथे एका बाजूला मनीमौजची थप्पी होती, दुसऱ्या बाजूला उंदीर होते. दोघींनी उंदीर निवडले आणि सुखानं तिथेच राहिल्या. खरं मूल्यमापन त्याच दिवशी झालं होतं. अहवाल पुरा होता. फक्त तो मराठीत लिहिलेला नव्हता.

मग ठरलं की घरोघरच्या मांजरांवर प्रयोग करायचा. पाच घरं निवडली. दर शनिवारी मी जायची, बरोबर स्प्रिंगचा काटा आणि उशीचा अभ्रा. हसू नका, मांजराचं वजन करून बघा. ताटात ते बसत नाही, हातात घेऊन आपण काट्यावर उभं राहावं तर आपलंच रक्त निघतं. शेवटी मी शोध लावला की अभ्र्यात घातलं की मांजर गप्प होतं. अभ्र्याची गाठ काट्याच्या आकड्याला अडकवायची, आकडा वाचायचा, सोडायचं आणि बाजूला उडी मारायची. शेवटची पायरी महत्त्वाची.

नानांच्या थोरल्या बहिणीकडच्या मांजरीनं मनीमौज हुंगलं आणि पुढच्या पंजानं ताटलीभोवतीची फरशी खरवडायला सुरुवात केली. मांजर पाळणाऱ्यांना कळेल. मांजर आपली घाण मातीनं झाकते, तोच हा हावभाव. मी अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं, "मांजरीने ताटलीभोवती जमीन उकरली." नानांनी वाचून विचारलं, "म्हणजे खेळतीय ना? खूश आहे." दुसऱ्या घरातल्या मांजरानं ताटली पालथी केली. तिसऱ्या घरातलं शेजारी जेवू लागलं. चौथ्या घरच्या बाईंनी ते खाद्य माशांच्या टाकीत टाकून पाहिलं.

पाचवं घर ताराबाईचं, आणि तिचा बोका, दाजी.

ताराबाई मखमलाबादची. घरची फुलशेती; झेंडू, गुलाब आणि निशिगंध. पहाटे फुलं तोडून बाजारात न्यायची, दुपारी घरी. निशिगंधाचे कांदे खोलीत साठवलेले असायचे आणि उंदरांना ते फार प्रिय, म्हणून बोका. तीन दिवसांचा असताना तो तिला गुलाबाच्या वाफ्यात सापडला होता. वातीनं दूध पाजून वाढवलेला. दाजी हे नाव तिच्या बहिणीच्या नवऱ्यावरून.

"सेम त्याच्यासारखा हाय, मॅडम. खातो, झोपतो आन वर माझ्याच बहिणीवर गुरकावतो."

दाजी काहीही खायचा. भाकरी, भेंडी, प्रसादाचा शिरा, एकदा तर हारातला निशिगंध. त्यानं मनीमौजची ताटली समोर येताच मान खाली घातली आणि तळ दिसेपर्यंत वर काढली नाही. मी आनंदानं टाळ्या वाजवल्या! आज त्या टाळ्यांचा राग येतो. पाच परीक्षकांपैकी चार जणांनी नापास केलं, आणि आम्ही ज्याला चवच नव्हती अशा पाचव्याचा निकाल धरला. नानांनी बाकीचे चार कागद फायलीच्या तळाशी घातले, दाजीचा तक्ता भिंतीवर लावला. आणि तो मी लावू दिला.

"आता याला दुसरं काही द्यायचं नाही हं," मी ताराबाईला बजावलं. "दूध नाही, भाकरी नाही. नाहीतर प्रयोग बिघडतो."

"दूद बी नाय?"

"नाही. फक्त हे आणि पाणी."

"पानी कुठं पितोय त्यो. दुदाचा सवकलेला हाय."

"तहान लागली की पिईल," मी म्हटलं. वा! काय शास्त्रज्ञ!

दर शनिवारी वजन चढत होतं. पन्नास ग्रॅम, चाळीस, पुन्हा पन्नास. दाजी अभ्र्याला इतका सरावला की काटा दिसला की स्वतःहून येऊन बसायचा. ताराबाई दर वेळी म्हणायची, "ओ मॅडम, येकदा मला बी घाला त्या पिशवीत. डॉक्टर म्हनतो वजन कमी करा, किती हाय ते तरी कळू द्या." मला तिच्याकडे जायला आवडायचं. निघताना एखादा गुलाब केसात खोवून द्यायची. म्हणायची, "घ्या, बसमधी वास तरी मारनार नाय."

सहाव्या शनिवारी दाजी काट्याकडे आला नाही. अंगणात बांधकामाची वाळू पडली होती, तिच्यावर बसला होता. उठला, दोन पावलं गेला, पुन्हा बसला. ताराबाईनं त्याला उचलून आणला.

"सकाळधरनं असंच चाललंय. बसतोय, उठतोय, रडतोय. पोट साफ व्हईना वाटतं."

मी त्याला अभ्र्यात घातला आणि काटा वाचला. मागच्या शनिवारपेक्षा दोनशे ग्रॅम जास्त! पुन्हा वाचला. दोनशेच. मी ताराबाईच्या बोलण्यावर, "एरंडेल द्या थोडं," इतकंच म्हटलं, लाल शाईनं आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि नानांना फोन करायला पळाले. मागे दाजी अभ्र्यातून बाहेर पडून उडी न मारता तिथेच बसून राहिला. ते मी पाहिलं. पाहिलं आणि निघाले.

रविवारी सकाळी माझ्या दारात रिक्षा थांबली. ताराबाई उतरली, हातात फुलांची पाटी, पाटीत ओला पोतेरा आणि त्यावर दाजी. डोळे अर्धे मिटलेले, तोंडाला फेस, पोट फुगलेलं.

"मॅडम, ह्यो मरतोय," ती म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

जनावरांचे डॉक्टर ओळखीचे होते, मूळचे सुरगाण्याकडचे, हळू बोलणारे. रविवार असूनही त्यांनी दार उघडलं. दाजीच्या पोटावर दोन बोटं ठेवली आणि क्षणात त्यांचा चेहरा बदलला. "हात लावून बघा," ते मला म्हणाले. आत मोसंबीएवढा टणक गोळा लागत होता.

"हे मूत्राशय आहे. लघवी तुंबलीय. कधीपासून झाली नाही?"

मी पिशवीतून मूळ तक्ता काढला; भिंतीवर होती ती प्रत. माझा तक्ता पाहण्यासारखा असायचा. तारीख, वजन, खाल्लेलं खाद्य, उरलेलं खाद्य, विष्ठा, केसांची चमक, चपळपणा. बोट फिरवत गेले. लघवीचा रकानाच नव्हता.

आता नीट ऐका, कारण ही चूक जगात फक्त कोंबडीवाले करू शकतात. कोंबडी लघवी करत नाही. तिचं जे काही असतं ते विष्ठेबरोबरच पडतं, पांढऱ्या टिपक्यासारखं. मी तेरा वर्षं सकाळ-संध्याकाळ कोंबड्यांचाच विचार केला होता. माझ्या तक्त्यात, माझ्या भट्टीत, माझ्या या चाखणाऱ्या जिभेत कुठेही लघवी नावाची गोष्ट नव्हती. माझ्या घरात माणसं होती, तरीही! आणि कोंबडीचं वजन वाढलं की ती चांगली, न वाढलं की वाईट, यापलीकडे आम्ही कधी गेलोच नव्हतो. आम्ही खाद्य चांगलं का वाईट ते काट्याला विचारायचो. काट्यानं सांगितलं दोनशे ग्रॅम. कशाचे, ते त्याला कुणी विचारलं नाही.

डॉक्टरांनी दाजीला गुंगी दिली आणि बारीक नळी घातली. पहिल्यांदा जाईना. आत वाळूसारखे खडे अडकले होते. ताराबाई दाजीचं डोकं दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि सारखं, "आरं दाजी, ये दाजी, आसं नको करू," म्हणत होती. दोन-तीन प्रयत्नांनी नळी सरकली. स्टीलच्या भांड्यात लालसर लघवी पडायला लागली, ती थांबेचना. शेवटी डॉक्टरांनी भांडं बाजूला ठेवलं. मी सवयीनं ते डॉक्टरांच्या वजनकाट्यावर ठेवलं. भांड्याचं वजन वजा केलं.

माझे दोन रेघांचे दोनशे ग्रॅम, थोडे कमी-जास्त, त्या भांड्यात होते.

"काय खायला घालता याला?" डॉक्टरांनी विचारलं.

ताराबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिनं माझं नाव घेतलं नाही, हे मी जन्मभर विसरणार नाही.

"मीच घालते," मी म्हटलं.

डॉक्टरांनी बोटावरचे खडे मला दाखवले. "बोक्याची नळी अरुंद असते. खाद्यात क्षार जास्त, त्यात कोरडं खाणं, पाणी कमी. मग हे होतं. आणखी एक दिवस गेला असता तर माझ्याकडे आणायची गरज नव्हती." त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. मी मात्र त्या दिवसापासून भट्टीकडे सरळ नजरेनं पाहिलेलं नाही. राखेनं मला खरंच सांगितलं होतं. मीच पुढे खूण केली होती.

सोमवारी नानांच्या केबिनमध्ये गेले. माझ्याबद्दल एक सांगते. कँटीनमध्ये मी नानांची हुबेहूब नक्कल करायची, लोक चहा सांडायचे. केबिनच्या दारातून आत गेलं की माझा आवाज अर्धा व्हायचा. मी सगळं सांगितलं. खडे कागदात गुंडाळून नेले होते, ते टेबलावर ठेवले.

नानांनी कागद बोटानं लांब सारला. "जिवंत आहे ना?"

"आहे. पण नाना..."

"मग झालं. एक बोका आजारी पडला. माणसं नाहीत का पडत? मॅडम, शुक्रवारी डीलर येतायत. तुमचा तक्ता आज मोठा छापायला जातोय. पत्रकावर तुमचं नाव आहे, तज्ज्ञ म्हणून."

"हाडांची भुकटी कमी करावी लागेल. मासळी वाढवावी लागेल."

"मग पाव किमतीत बसेल का?"

"नाही."

"मग आधी हे जाऊ द्या बाजारात. पुढच्या वेळी बघू." आणि मग, अगदी प्रेमानं, "त्या ताराबाईला शाल-नारळ देऊ. बोक्यालाही आणा."

मी काय केलं असेल? राजीनामा फेकला? पत्रकं फाडली? मी म्हटलं, "बरं." हे एवढंच. बाहेर येऊन नळ सोडला आणि तोंड धुतलं, आणि दुपारी कँटीनमध्ये नानांची नक्कल केली. लोक हसले. त्यांना काय माहीत!

ताराबाईला मी सांगितलं की येऊ नका. ती म्हणाली, "शाल हाय ना? मग का येऊ नये? मी माझा हार बी घेऊन येनार." दाजी मात्र घरीच. पुन्हा भाकरी-दुधावर आला होता, आणि बरा होत होता.

यानंतरचं आधीच सांगून टाकते, कारण त्या वाक्यानंतर माझ्याकडे बोलण्यासारखं काही उरत नाही. मनीमौजचं एक पाकीटही बाजारात गेलं नाही. ते सोऱ्यासारखं यंत्र एका फरसाणवाल्यानं नेलं, म्हणजे अखेर ते आपल्या कुळात परत गेलं. नाना महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून, भिंतीकडे बघत, "मॅडम, तक्त्यात तो एक रकाना वाढवून टाका," म्हणाले आणि गेले. मी पुढे पाच वर्षं तिथेच नोकरी केली आणि तो रकाना, कोंबड्यांच्याही तक्त्यात, रिकामा का होईना, ठेवला. दाजी अजून आहे. म्हातारा झालाय, काटा पाहिला की पळतो. ताराबाई अजूनही मला गुलाब देते. तो केसात खोवताना दर वेळी माझी मान आपोआप खाली जाते.

तर शुक्रवार. हायवेवरच्या एका हॉटेलचा हॉल. साठेक डीलर, बहुतेक पोल्ट्रीचेच, जेवणाच्या वासाकडे कान लावून बसलेले. मंचावर नाना, मी आणि हिरव्या जरीच्या लुगड्यात ताराबाई, खांद्यावर नवी शाल, मांडीवर नारळ. मागे माझा तक्ता, पुरुषभर उंच, शेवटची रेघ सरळ आकाशात गेलेली. माझ्या लाल शाईसकट छापला होता.

नाना रंगात आले होते. "मंडळी, ही बघा शेवटच्या आठवड्याची वाढ. दोनशे ग्रॅम! परदेशी पाकिटानं होईल का? आणि हे मी नाही सांगत, हे विज्ञान सांगतंय. आमच्या मॅडम बसल्यात इथं. मॅडम, या. सांगा ह्यांना, खरं आहे की नाही?"

माईक माझ्या हातात आला. समोर साठ माणसं. त्या क्षणी मला पूर्ण वाक्य पाठ होतं. सोमवारपासून मी ते नळाखाली, बसमध्ये, भाजीच्या फोडणीवर म्हणत होते. तोंड उघडलं. तक्त्याकडे पाहिलं. नानांकडे पाहिलं, ते कौतुकानं हसत होते, आणि तेरा वर्षं बसची सीट एकटीनं अडवणाऱ्या, कँटीन गाजवणाऱ्या, जीभ, नाक आणि भट्टी यांच्या जोरावर मिरवणाऱ्या या बाईनं माईकमध्ये म्हटलं, "आकडा बरोबर आहे."

खोटं नव्हतं. आकडा बरोबरच होता. म्हणूनच त्याची लाज जास्त वाटते.

टाळ्या पडल्या. नानांनी हात वर केले. "ऐकलंत? सहा आठवडे दुसरं काही नाही, फक्त मनीमौज, आणि बोक्याचं वजन..."

शेजारी काहीतरी आपटलं. ताराबाईच्या मांडीवरचा नारळ खाली पडून मंचावरून गडगडत पहिल्या रांगेत गेला होता. ती उभी होती. माईक तिला कुणी दिला नव्हता आणि तिला तो लागलाही नाही. रोज पहाटे फुलबाजारात गिऱ्हाइकाला हाक मारणारा तो आवाज हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"आवो नाना, कशाचं वजन वाढलं! दोन दिस मुतला नव्हता माझा दाजी!"